बाहेर पडायचा आकडा

दार बंद करण्याचा आग्रह ओळंबाबाईंचाच होता. विहीणबाईंनी दारात पाण्याने भरलेली बादली अडसरासारखी ठेवली होती. ओळंबाबाईंनी ती उचलून बाहेर सरकवली.

“दार उघडं ठेवून घेतलेलं तापमान म्हणजे नुसत्या गप्पा,” त्या म्हणाल्या.

“अहो, थांबा, बादली…”

विहीणबाईंचे वाक्य पुरे होण्याआधीच जाड दार स्प्रिंगच्या जोराने मागे आले, रबरी कडा चौकटीला चिकटल्या आणि आत कुठेतरी ‘टक्’ असा लहानसा आवाज झाला. मागे उरली ती फक्त पंख्याची घरघर.

“बादलीचं काय?”

“काही नाही. ती तिथे असते,” विहीणबाई म्हणाल्या. “नेहमी असते.”

ओळंबाबाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांनी एकच काम केले होते: तापमापक, दाबमापक, वजनकाटे खरे बोलतात की खोटे, हे तपासणे. त्या जिथे उभ्या राहत तिथे सरळ उभ्या राहत, आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाचे वाकडेपण उगाचच उघडे पडे. म्हणून प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्यांना ‘ओळंबा’ हे नाव ठेवले. पुढे ते नाव नातेवाइकांत पसरले आणि शेवटी विहीणबाईंच्या तोंडीही बसले. तोंडी बसले म्हणजे, खवचटपणा करायचा असला की हमखास बाहेर पडू लागले.

ही खोली विहीणबाईंच्या फुलांच्या दुकानाची, मागच्या गल्लीला लागून असलेली. रस्त्याच्या कडेला दोन बादल्या मांडून त्यांनी धंदा सुरू केला होता. आता घाऊक व्यापार होता, आणि तो त्यांचा मुलगा आणि सून बघत असत. सून म्हणजे ओळंबाबाईंची मुलगी. तिनेच शीतगृह नव्याने करून घेतले: नवे यंत्र, नवा तापमापक, नवे कुलूप. मात्र काही आठवड्यांपासून गुलाबांच्या पाकळ्या कडेने काळ्या पडू लागल्या होत्या. विहीणबाईंचा संशय तापमापकावर होता. परंतु ‘तुझा तापमापक खोटा आहे’ असे सुनेला सांगायचे म्हणजे सासू खुसपट काढते असा अर्थ व्हायचा. म्हणून त्यांनी गुपचूप विहिणीलाच बोलावले. दिवस साप्ताहिक सुट्टीचा निवडला. दुकान बंद, कामगार घरी. मुलीला कळू द्यायचे नाही यावर दोघींचे तत्काळ एकमत झाले. गेल्या कित्येक वर्षांत असे एकमत झाल्याचे दोघींनाही आठवत नव्हते.

ओळंबाबाईंनी आपला तापमापक फडताळाच्या मधोमध टांगला आणि त्यावरचे आकडे स्थिर होईपर्यंत त्या श्वास जपून घेत उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या तापमापकाची पाटी सहा अंश दाखवत होती. त्यांचा तापमापक दोनवर येऊन थांबला.

“चार अंशांचं खोटं!” त्या समाधानाने म्हणाल्या. “यंत्राला वाटतं अजून थंड व्हायचंय, म्हणून ते चालतच राहतं. तुमची फुलं कोमेजली नव्हती, गारठली होती.”

“तेच मी म्हणत होते.”

“तुम्ही म्हणत होतात पाणी खराब आहे.”

“तेही म्हणत होते. चला, बाहेर चला. माझे पाय बधिर झाले.”

दाराला आतून मूठ नव्हती. जिथे ती असायला हवी, तिथे पत्र्याची चौकोनी पट्टी बसवली होती आणि तिच्या वर शून्य ते नऊ असे रबरी बटणांचा फलक होता.

“सुटकेची मूठ कुठे आहे?” ओळंबाबाईंनी विचारले.

“काढली. बाहेरून किल्ली, आतून आकडा. माल चोरीला जायचा ना. तुमची मुलगी म्हणाली, आत कोणीही जाऊ दे, बाहेर काय जातं ते कळायला हवं. ज्याचा त्याचा चार आकड्यांचा नंबर आहे. तो दाबल्याशिवाय दार उघडत नाही, आणि कोण कधी बाहेर पडलं त्याची नोंद राहते.”

शीतगृहाची आतली मूठ काढणे म्हणजे कामगारांच्या जिवाशी खेळ, हे ओळंबाबाईंनी मनातल्या मनात तीनदा म्हटले. मुलीला ऐकवण्यासाठी त्यांनी वाक्यही तयार केले. मग त्या म्हणाल्या, “बरं. दाबा तुमचा नंबर.”

विहीणबाई बटणांकडे पाहत राहिल्या.

“तुमचा नंबर आहे ना?”

“आहे ना. मला दिलाय.” त्यांनी एक बोट उचलले आणि तसेच हवेत ठेवले. “मी कधी वापरला नाही. मी बादली ठेवते.”

पंखा घरघरत होता. तो दाराच्या बरोबर वर होता, आणि दारापाशी उभे राहिलेल्याच्या मानेवर थेट वारा सोडत होता.

“माझ्याच खोलीतून बाहेर पडायला मी कोणाला आकडा का सांगू?” विहीणबाई एकदम चिडून म्हणाल्या, जणू प्रश्न ओळंबाबाईंनीच उभा केला होता. “ही खोली बांधली तेव्हा तुमची मुलगी शाळेत होती!”

फोन दोघींचेही बाहेर होते. विहीणबाईंचा गल्ल्याशेजारी चार्जिंगला लावलेला, आणि ओळंबाबाईंचा त्यांच्या पिशवीत, दुकानातल्या स्टुलावर. माणसाच्या खिशातल्या फोनची ऊबही मोजमाप बिघडवते, असे त्या नवशिक्यांना शिकवत असत आणि स्वतः पाळत असत. विहीणबाईंचा श्वासाचा पंपही बाहेरच, पर्समध्ये.

सुरुवातीला त्यांनी दार ठोठावले. मग आतल्या एका रिकाम्या बादलीने बडवले. भिंती हातभर जाड, आत फोम भरलेला. आवाज जन्मताच दबून जात होता. पत्र्याच्या पट्टीचे स्क्रू ओळंबाबाईंनी तापमापकाच्या धातूच्या टोपणाने फिरवून पाहिले. स्क्रूंच्या डोक्यावर चांदणीच्या आकाराची खाच होती, खास अवजाराशिवाय न फिरणारी. यंत्राचा खटका बाहेर. यंत्राच्या तापमापकाचे टोक, जे गार करून यंत्र थांबवता आले असते, ते छताजवळ जाळीच्या मागे. हात पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

“कोणीतरी शोधत येईलच,” विहीणबाई म्हणाल्या.

“तुम्ही घरी काय सांगितलंत?”

“तुमच्याकडे जाते म्हणून. सूनबाईला संशय यायला नको ना! म्हटलं, तुझ्या आईकडे जेवते, गप्पा रंगल्या तर राहते. तुम्ही?”

“मी धाकट्या मुलाला सांगितलं, तुझ्या ताईकडे जाते, बहुतेक राहीन.”

तिकडच्या घराच्या हिशेबाने दोघी इकडच्या घरी सुखरूप होत्या. इकडच्या घराच्या हिशेबाने तिकडे. दोन्ही घरांनी त्यांना आपापल्या घरातून वजा केले होते आणि कोणीच कुठे मिळवले नव्हते.

“आणि गप्पा रंगल्यात म्हणून कोणी फोनही करणार नाही,” विहीणबाई म्हणाल्या. “तुमच्याशी माझ्या गप्पा रंगतील यावर सूनबाईनं विश्वास कसा ठेवला, देव जाणे.”

तापमापक दोनच्या खाली आला होता. दोघींच्या अंगावर सुती कपडे होते. विहीणबाईंच्या श्वासात बारीक शिट्टी वाजू लागली होती. ती त्यांनी खोकल्यात लपवली, पण ओळंबाबाईंना ऐकू आली.

ओळंबाबाईंनी खोक्यांचे पुठ्ठे जमिनीवर अंथरले, विहीणबाईंना पंख्यापासून दूरच्या कोपऱ्यात बसवले, त्यांच्याभोवती वर्तमानपत्रे गुंडाळली आणि वरून फुलांच्या गुच्छांना लावतात तो पारदर्शक कागद लपेटला.

“आता एक रिबीन बांधा आणि पाठवून द्या कोणाकडे तरी,” विहीणबाई म्हणाल्या.

“नंबर पूर्ण विसरलात, की थोडा आठवतोय?”

“तीन होता. सात होता. आणि नऊ. एवढं नक्की. पुढेमागे कसे, ते विचारू नका. चौथा कोणता, तेही विचारू नका.”

“तीन, सात, नऊ हे तिन्ही आहेतच. शंका नाही?”

“डोळ्यांपुढे दिसतायत मला. मेले जागेवर बसत नाहीत, एवढंच.”

ओळंबाबाईंनी सहज म्हणून ३७९० दाबून पाहिले. लाल दिवा लागला आणि बटणे मेल्यासारखी झाली. तीसपर्यंत आकडे मोजून व्हावेत इतक्या वेळाने तो विझला. म्हणजे चूक केली की प्रत्येक वेळी अर्धा मिनिट दंड. आता खरा प्रश्न उभा राहिला, आणि तो त्यांना लख्ख दिसला. आकडे दाबायचे तर पंख्याच्या झोताखाली उभे राहायचे, म्हणजे अंगातली ऊब उधळायची. न दाबता कोपऱ्यात एकमेकींना बिलगून बसले तर ऊब जास्त टिकेल, कदाचित सकाळी कामगार येईपर्यंत, कदाचित नाही. शक्यता हजारोंच्या घरात असतील, तर उभे राहणे हा वेडेपणा. शे-दोनशे असतील, तर बसून राहणे हा वेडेपणा. आधी मोजायला हवे होते.

केसांत खोचलेली पेन्सिल त्यांनी काढली. ती तिथे कायमच असे. त्या पुठ्ठ्यावर लिहू लागल्या आणि विहीणबाई जाग्या राहाव्यात म्हणून मोठ्याने बोलू लागल्या.

“चार जागा, प्रत्येक जागी दहा अंक. एकूण दहा हजार. यातून नको ते काढून टाकायचे. ज्यात तीन नाहीच, असे किती? प्रत्येक जागी उरलेले नऊ अंक. सहा हजार पाचशे एकसष्ट. सात नसलेलेही तेवढेच. नऊ नसलेलेही तेवढेच. तिन्ही मिळून एकोणीस हजार सहाशे त्र्याऐंशी. ते दहा हजारांतून वजा…”

पेन्सिल थांबली.

“काय झालं?”

“उणे नऊ हजार सहाशे त्र्याऐंशी.”

“उणे म्हणजे?”

“म्हणजे बाहेर पडायच्या वाटा शून्याहूनही कमी.”

विहीणबाई हसू लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला आणि खोकल्यातून ती शिट्टी आता लपवता येण्यासारखी राहिली नाही. “वा! दहा हजार होत्या, तुम्ही पेन्सिल लावली आणि एकही राहिली नाही. उलट आपणच कुलपाला देणं लागतो.”

सोडवण्याची रीत ओळंबाबाईंना तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षापासून पाठ होती. पण गारठलेले डोके घाईत अर्ध्या वाटेवर थांबले होते. त्यांनी पुन्हा पुठ्ठ्याकडे पाहिले.

“दोनदा काढले,” त्या हळूच म्हणाल्या. “ज्यात तीनही नाही आणि सातही नाही, तो आकडा मी दोन्ही ढिगांत टाकला. एकदाच जायला हवा होता, दोनदा गेला. जे दोनदा वजा झालं, ते एकदा परत मिळवायचं. अशा जोड्या तीन, प्रत्येकीत चार हजार शहाण्णव. मिळवले बारा हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. झाले दोन हजार सहाशे पाच. आणि ज्यात तिन्ही अंक नाहीत, ते तीनदा गेले, तीनदा परत आले, म्हणजे अजून आतच बसलेत. ते चोवीसशे एक. ते काढा.” त्यांनी खाली रेघ ओढली. “दोनशे चार.”

“दोनशे चाळीस,” विहीणबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

“काय?”

“माझ्या हिशेबानं. चार फुलांचा गुच्छ आहे. त्यात तीन फुलं ठरलेली. ती चार जागांत बसवायच्या तऱ्हा चोवीस. ते मी रोजच करते. उरलेल्या एका जागी दहांतलं कोणतंही एक. चोवीस दाहे दोनशे चाळीस.”

हे उत्तर इतके थेट होते की ओळंबाबाईंनी आपली वजाबाकी पुन्हा एकदा तपासली. मग त्यांनी पायाशी पडलेल्या फुलांतून दोन लाल, एक पांढरे आणि एक पिवळे उचलले आणि विहीणबाईंच्या समोर धरले.

“ठरलेलं लाल हे, आणि वरचं म्हणून आलेलं लाल हे. आता यांची अदलाबदल केली.” त्यांनी केली. “गुच्छ बदलला?”

“नाही. तोच.”

“तुम्ही तो दोनदा मोजलात. जिथे अंक दुबार आला, तिथे प्रत्येक आकडा दोनदा मोजला गेला. असे जादा छत्तीस.”

“म्हणजे तुमच्यात माझ्यात फरक छत्तीसचा?” विहीणबाईंनी एक डोळा उघडला. “आपल्यात छत्तीसचा आकडा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आज गणितानंही सांगून टाकलं.”

ओळंबाबाईंना हसू आवरले नाही. दोनशे चार. दीड-पावणेदोन तास झोताखाली. दोघींपैकी एकीलाच ते उभे राहणे झेपणार होते. त्या उठल्या.

आता क्रम ठरवायचा होता. चारही अंक वेगळे असलेले एकशे अडुसष्ट, आणि एक अंक दुबार आलेले छत्तीस. ओळंबाबाईंनी क्षणाचाही विचार न करता छत्तीस शेवटी ठेवले. मुलीला त्यांनी तिच्या पहिल्या सायकलच्या कुलपापासून दोन नियम शिकवले होते: अंक दुबार घ्यायचा नाही, आणि घराचा नंबर, जन्मसाल असले काही कुलपात घालायचे नाही, कारण चोर तेच आधी बघतो. मुलगी नियमाने वागणारी होती. तिला त्यांनीच तशी घडवली होती.

चौथा अंक शून्य धरून त्यांनी चोवीस तऱ्हा सुरू केल्या. चार बटणे, लाल दिवा, वाट पाहणे. बटणांचे रबर थंडीने ताठ झाले होते. जोर लावून दाबावे लागत होते. वारा मानेतून आत शिरून पाठीच्या कण्यावर बसला होता. शून्य संपले, मग एक, मग दोन. पुठ्ठ्यावर खुणा करताना पेन्सिल बोटांत आहे की नाही हे पाहूनच कळत होते. तापमापकाकडे त्या आता मुद्दाम बघत नव्हत्या. खोली लहान होत चालली आहे असे त्यांना वाटू लागले. फडताळे, बादल्या, ताठ मानेने उभी असलेली फुले, सगळे एकेक इंच पुढे सरकल्यासारखे.

“विहीणबाई!”

उत्तर आले नाही.

“विहीणबाई, झोपायचं नाही. बोलत राहा. काहीही बोला. हवं तर भांडा.”

“कशावरून?” कोपऱ्यातून आवाज आला, बारीक, मध्येच तुटणारा.

“विषयांची कमी आहे का?”

“नाही.” एक लांब, शिट्टी वाजवणारा श्वास. “तुमची मुलगी आली ना आमच्याकडे, पहिल्याच आठवड्यात तिनं आमचे चमचे उंचीप्रमाणे लावले. मी विस्कटायची. ती पुन्हा लावायची. मी विस्कटायची. दोघी एकमेकींना काही बोलत नव्हतो हं, नुसते चमचे.”

“तिला तशी सवय आहे,” ओळंबाबाईंनी बटणांवर चार, तीन, सात, नऊ दाबले. लाल.

“होती. एक दिवस मी खण उघडला तर सगळे चमचे आडवेतिडवे. म्हटलं, बरं नाही की काय हिला? तर आत गाणं गुणगुणत होती. मग मला कळलं, आता ही इथली झाली.”

ओळंबाबाईंचे बोट बटणावर थांबले. “तिनं लावायचं सोडून दिलं?”

“केव्हाच.”

“मी येते तेव्हा तर लावलेले असतात.”

“तुम्ही येणार म्हटलं की लावते,” विहीणबाई म्हणाल्या. “पळापळ असते नुसती. मीही मदत करते.”

वारा होता तसाच होता. पण ओळंबाबाईंना या क्षणी जे थंड वाटले, ते वाऱ्यामुळे नव्हते. मुलगी नियमाने वागणारी, या एका गृहीतावर त्यांनी सगळा क्रम रचला होता, आणि ते गृहीत तपासून घ्यायचे त्यांना सुचलेही नव्हते. जगातले एकेक उपकरण ज्यांनी शंकेने पाहिले, त्यांनी हे एक मोजमाप तसेच खरे धरले होते. दार बंद करून, बाहेरची हवा आत येऊ न देता.

त्या विहीणबाईंजवळ जाऊन खाली बसल्या आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ते फुलांच्या देठांसारखे ओले आणि गार होते. ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या.

“आकडा दिला तेव्हा ती काय म्हणाली? शब्दन्‌शब्द सांगा.”

“मी रागात होते. लक्ष नव्हतं.”

“तुमचं लक्ष नसतं तेव्हाही तुम्ही सगळं ऐकता. सांगा.”

विहीणबाईंनी डोळे मिटून आठवले. “म्हणाली… आई, तुम्ही विसरू म्हटलंत तरी विसरणार नाही. यात दोन्ही घरं घातली आहेत.”

“दोन्ही घरं?”

“मला वाटलं, लाडानं काहीतरी बोलतेय. बोलते ती तसं.”

“तुमच्या दारावरच्या पाटीवर नंबर काय?”

“सदतीस. तुम्हाला माहीत नाही?”

माहीत होते. इतक्या वेळा त्या दारात त्या उभ्या राहिल्या होत्या. आणि त्यांच्या स्वतःच्या दारावर पितळी अंक होते, दर महिन्याला त्या स्वतः घासत असत ते. जन्मभर तोंडाने एकोणऐंशी म्हणत आल्यामुळे त्यात एक सात आणि एक नऊ बसलेले आहेत, हे या खोलीत त्यांच्या मनातही आले नव्हते.

“तीन, सात. सात, नऊ,” त्या म्हणाल्या. “सात दोन्ही घरांत आहे.”

“मग?”

“मी तो एकदाच धरला. जे सामाईक असतं ते एकदाच धरायचं, अशी रीत आहे.” त्यांनी विहीणबाईंच्या तळहातावर बोटाने दोन सात काढले. “तिनं दोनदा धरला. दोन्ही घरांना त्यांचा त्यांचा आकडा पुरता दिला, कोणाचं काही कापलं नाही.”

दोन्ही नियम एकाच फटक्यात मोडले होते. अंक दुबार, आणि तोही घराच्या नंबरातला. विसराळू सासूसाठी.

त्या दाराशी गेल्या. शक्यता आता दोनच होत्या. कोणते घर आधी? बोट आपोआप सातवर गेले. सात, नऊ, तीन, सात. आपले घर आधी. मुलगी तिथली, जन्म तिथला.

लाल.

तो अर्धा मिनिट त्यांना त्या दिवसातला सर्वांत लांब वाटला. मागे पुठ्ठ्यांवरून काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिले: विहीणबाई कुशीवर कलंडल्या होत्या, पारदर्शक कागद तोंडासमोर हलत होता आणि श्वासागणिक त्यावर वाफेचा एक लहान ठिपका उमटून विरत होता. पुढचा ठिपका यायला वेळ लागला. ओळंबाबाई दिव्याकडे पाहत राहिल्या. विझ. विझ म्हणते ना.

दिवा विझला. तीन, सात. सात, नऊ.

सासरचे घर आधी होते.

‘टक्’ असा तोच लहानसा आवाज झाला आणि दिवा हिरवा झाला. त्यांनी खांद्याने दार ढकलले. बाहेरची ऊब एखाद्या माणसासारखी अंगावर आली. दार पुन्हा मिटू नये म्हणून त्यांनी आपली एक चप्पल चौकटीत टाकली, मग बाहेरची बादली ओढून घट्ट लावली, आणि विहीणबाईंना पुठ्ठ्यासकट ओढत बाहेर आणले. इतका वेळ झोताखाली उभ्या राहिलेल्या पोक्त बाईला एवढी ताकद कुठून आली, हे त्यांना नंतरही सांगता आले नाही.

पर्स, पंप, एक झोत, दुसरा झोत. दुकानाच्या काचेतून येणारे ऊन जमिनीवर चौकोनी पडले होते. त्या चौकोनात विहीणबाईंना टेकवून त्या त्यांचे तळवे चोळत राहिल्या. हळूहळू शिट्टी खाली उतरली. ओठांचा निळेपणा गेला नाही, पण शब्द परत आले.

“कोणाचं घर आधी निघालं?”

“तुमचं.”

“बघा,” विहीणबाई म्हणाल्या, आणि एवढ्या दमातही त्यांनी तो शब्द पुरेसा लांबवला.

दोन्ही फोनांवर एकही फोन येऊन गेलेला नव्हता. ओळंबाबाईंनी आधी डॉक्टरांना बोलावले आणि मग मुलीला फोन लावला. पलीकडून तिचा उत्साही आवाज आला: “काय गं आई, जमली का दोघींची मैफल? कुठे आहात, घरीच ना?”

“तुझ्या दुकानात आहोत. जावईबापूंना घेऊन लगेच ये. सासूबाईंना थंडी बाधलीये, डॉक्टर येतायत. घाबरू नकोस, बोलतायत त्या. माझ्यापेक्षा जास्त बोलतायत.” मूठ काढण्याबद्दल तयार केलेले ते वाक्य जिभेच्या टोकावर होते. ते त्यांनी मुलगी समोर येईपर्यंत राखून ठेवले. “आणि येताना चांदणीच्या खाचेचा पेचकस घेऊन ये.”

“कशाला?”

“कुलूप काढायचंय. मूठ बसेपर्यंत या दाराला काहीही नको.”

फोन ठेवून त्या परत उन्हाच्या चौकोनात विहीणबाईंशेजारी बसल्या; थोड्या वाकून, कारण सरळ बसणे त्या घडीला जमत नव्हते. विहीणबाईंनी मागे मान वळवून शीतगृहाच्या दाराकडे पाहिले. मग एक पाय लांब करून, बसल्या जागेवरूनच, त्यांनी ती बादली आणखी इंचभर आत ढकलली.